गार ब्रेक

मेकॅनिक कप्तानानं चाकाआडून हात बाहेर काढला आणि ब्रेकचा जुना पॅड गाडीच्या मालकाच्या तळहातावर ठेवला, तेव्हा त्याला आधी वाटलं, हा दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचा असणार. मागच्या उन्हाळ्यात इथंच, याच शेडमध्ये गाडी जॅकवर चढवून त्यानं स्वतः उभं राहून नवे पॅड बसवून घेतले होते. तेव्हा लोखंडी पट्टीवरचं लायनिंग चांगलं बोटभर जाड होतं. आता उरलं होतं ते जाड पुठ्ठ्याएवढं, आणि तेही खडबडीत नाही, गुळगुळीत, तिरकं धरलं की निळसर झाक मारणारं. त्यानं अंगठा फिरवला तर अंगठा घसरला. रविवारी सकाळी जेमतेम एक फेरी मारणाऱ्या गाडीचे ब्रेक असे कसे झिजतील, हा प्रश्न त्याच्या मनात नीट उभा राहायच्या आतच कप्तानानं तो विचारून टाकला.

"साहेब, ही गाडी पळवतं कोण?"

"मीच. दुसरं कोण पळवणार?"

"तुम्ही तर रविवारचे." कप्तान उकिडवा बसल्या बसल्या हसला. "हे रविवारचं काम नाही. दोन्ही बाजू सारख्या झिजल्यात. पिना बघा, कशा सरकतायत, म्हणजे काही अडकलेलं नाही. हे पायानं झालंय. न्यायची जोरात, दाबायचा, परत न्यायची, परत दाबायचा. तापवून तापवून जाळलेत बिचारे. तरुण पाय आहे हा, साहेब. घरात आहे का कुणी?"

कप्तान काही कधी कुठल्या जहाजावर नव्हता. तरुणपणी तो शर्यतीच्या गाड्यांची चाकं बदलणाऱ्या एका टोळीत होता, तिथली टोपी अजून घालायचा, आणि त्याच्या शेडमध्ये दूधवाल्याची व्हॅन जरी आली तरी ती कुठल्यातरी शर्यतीतून आल्यासारखं तिच्याकडे बघायचा. त्याच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं हे सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी या गिऱ्हाइकानं सोडून दिलं नाही. कारण तो स्वतः विमा कंपनीचा सर्व्हेअर होता, आयुष्यभर आपटलेल्या गाड्या तपासून त्यानं पोट भरलं होतं, आणि पॅडवरची ती निळी झाक कप्तानानं बोट दाखवायच्या आधीच त्यानं वाचली होती. गिऱ्हाईक म्हणतं, फाटकाला घासली. ओरखडा सांगतो, खांबाला घासली, आणि तीही मागं घेताना. माणसाच्या तोंडापेक्षा पत्र्यावर भरवसा ठेवायचा हा त्याचा खाक्या होता, ऑफिसात त्याची टिंगल व्हायची ती यावरूनच. साहेबांना 'शुभ सकाळ' म्हटलं तर खिडकीतून ऊन बघून घेतात, असं तिथली टायपिस्ट म्हणायची. आता पत्रा त्याच्याच गाडीचा होता, आणि तो सांगत होता की गाडी दुसरं कुणीतरी चालवतं.

घरात तरुण पाय नव्हता. घरात तो होता आणि बायको होती, आणि बायकोला गाडी येत नव्हती. येत नव्हती, असं ती म्हणायची. तिचा धाकटा भाऊ मात्र अधूनमधून टपकायचा. मेहुणा चाळिशीचा, पण वागायला विशीतला, नोकरी टिकेना आणि मोटरसायकलवरून पडून पडून गुडघा एक धड राहिलेला नाही. कामासाठी तो स्वतः आठवड्यातले दोन दिवस गावाबाहेर असायचा, कुठल्यातरी वळणावर उलटलेल्या ट्रकपाशी पावतीपुस्तक आणि कॅमेरा घेऊन उभा. तेव्हा गाडी खाली गॅरेजमध्ये, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला, आणि घरात भाऊ-बहीण. कुठेतरी पाणी मुरतंय हे त्याला आधीच कळायला हवं होतं. मीटरवरचा किलोमीटरचा आकडा तर कधीचाच अडकून पडला होता; तो दुरुस्त करून घ्यायचा विषय निघाला की बायको म्हणायची, राहू दे हो, कुठं इतकी फिरते ती. आता त्या वाक्याकडे तो नव्यानं बघू लागला. तिनं ते किती सहज म्हटलं होतं. फारच सहज.

कप्तानानं बाकावर तीन खोके मांडले. पहिला साध्या पॅडचा, आवाज नाही, कटकट नाही, लवकर झिजतात पण डिस्कला त्रास देत नाहीत. दुसरा मधला, सगळ्यांना चालणारा. तिसरा खोका उघडताना कप्तानाचा आवाज खाली आला. हे शर्यतीचे. कितीही तापले तरी मऊ पडत नाहीत, उलट तापले की असे धरतात की बसणाऱ्याचे दात वाजतात. "एकच आहे," तो म्हणाला, "गार असताना हे धरत नाहीत. निघाल्यावर पहिली दोनचार वेळा पाय दाबला तर गाडी आपली चालतेच. ज्याला माहीत आहे तो आधी थोडं थोडं दाबून तापवून घेतो. ज्याला माहीत नाही, त्याची बोबडी वळते." त्यानं तिसरा खोका हातात घेतला. कप्तानाला वाटलं साहेब वजन बघतायत. तो वजन बघत नव्हता. तो डोळ्यांपुढं आपल्या घराच्या गल्लीचा उतार बघत होता. गॅरेजमधून बाहेर पडलं की लगेच उतार लागायचा, उताराच्या तळाशी मोठा रस्ता, आणि त्या रस्त्यावरून गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. जो कुणी न सांगता गाडी काढेल तो गार ब्रेकवर त्या उताराला लागेल, पाय दाबेल, गाडी थांबणार नाही. मरणार नाही कुणी, असं त्यानं स्वतःला सांगितलं, कोपऱ्यावरच्या दगडी कठड्याला घासेल फार तर. नुसतं चरकेल. आणि कुठंतरी एक ओरखडा राहील, आणि ओरखडा कसा वाचायचा हे त्याच्यापेक्षा चांगलं कुणाला माहीत होतं?

"हेच बसव," तो म्हणाला.

"वा," कप्तान म्हणाला. "आता कसं गाडीला शोभेलसं झालं."

गाडी हिरवी होती, जुनी, दोनच माणसांची, इतकी बुटकी की शेजारून जाणाऱ्या सायकलस्वाराच्या पायाचा घोटा आधी दिसायचा. पायाशी जागा तर इतकी कमी की तिन्ही पेडल एकमेकांना चिकटलेली. चाळिशीला टेकताना त्यानं ती घेतली तेव्हा मेहुण्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. बायकोनं मात्र काही न बोलता केसांना रुमाल बांधला होता आणि शेजारी येऊन बसली होती. डोंगराच्या रस्त्यानं ते वर गेले होते, आणि प्रत्येक वळणावर ती त्याच्या खांद्यावर कलंडत होती, मुद्दाम जास्त कलंडत होती, आणि वाऱ्यात काहीतरी ओरडून सांगत होती जे त्याला ऐकू येत नव्हतं. वर पोचल्यावर त्यानं विचारलं, काय म्हणत होतीस? काही नाही, ती म्हणाली होती, हळू चालवा असं सोडून सगळं म्हणत होते. ते दिवस त्याला आठवायचे ते वासासकट, तापलेलं कातडं आणि पेट्रोल आणि तिच्या रुमालाचा साबण. मग कधीतरी तिनं बसणं सोडलं. मान दुखते, म्हणाली. दोन-तीनदा विचारल्यावर त्यानंही विचारणं सोडलं, पण मान दुखण्याचा दाखला त्यानं मनात कधी मंजूर केला नव्हता. घरात कपाटावरचे जड डबे काढताना तिची मान दुखत नसे. तेव्हापासून रविवारी तो एकटाच जायचा. मागून हॉर्न वाजायचे. जुनी गाडी दिसली की लोकांना चेव येतो, असं तो म्हणायचा. आणि लोकही हल्ली काय वेडेवाकडे चालवतात. समोरून ट्रक आला की त्याला ट्रक दिसायचाच नाही. त्याला ट्रकखाली गेल्यानंतरची गाडी दिसायची, छप्पर कुठं दबलंय, दार कुठल्या बाजूनं कापावं लागलं, सीटवर जेवणाचा डबा कसा न सांडता तसाच राहिलाय. इतकी वर्षं हेच बघितल्यावर डोळ्यांना दुसरं काय दिसणार. धंद्याचा भाग आहे, असं तो म्हणायचा. शेडमधून घरी येताना पहिल्याच चौकात त्यानं पाय दाबला आणि गाडी हातभर जास्त पुढं गेली. घाम फुटला त्याला, आणि त्या घामातसुद्धा त्याला बरं वाटलं. पुढच्या वळणापासून ब्रेक झकास धरू लागले. सापळा तयार होता.

घरी त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. "झालं का काम?" बायकोनं विचारलं. झालं. "काय होतं?" काही नाही, पॅड गेले होते. "परत?" असं ती म्हणाली, आणि तो 'परत' त्याच्या कानात अडकून बसला. तिला कसं आठवतं? गाडीतलं ओ की ठो कळत नाही म्हणणाऱ्या बाईला पॅड मागच्या वर्षी बदललेत हे बरं आठवतं. जेवताना तो तिच्या हातांकडे बघत होता. स्टिअरिंग धरणाऱ्या माणसाच्या तळव्याला अंगठ्याखाली घट्टा पडतो, पण तिच्या हाताला इतक्या कामांचे घट्टे होते की त्यातला कुठला कशाचा हे सांगणं त्यालाही जमेना. तिनं बघितलं की तो बघतोय. "काय झालं?" ती म्हणाली. "कुठं काय," तो म्हणाला. ती उठून गेली तेव्हा तिनं दार जरा जास्त हळू लावलं असं त्याला वाटलं.

त्यानंतरचे दिवस त्यानं डोळ्यांत तेल घालून काढले. गॅरेजमध्ये गाडीच्या मागच्या चाकाला आणि फरशीला मिळून त्यानं खडूची एक बारीक रेघ मारली. चाक हललं तर रेघ तुटणार. सीट किती पुढं आहे ते बोटांनी मोजून ठेवलं. गावाबाहेरचं काम आलं ते त्यानं अंग दुखतंय म्हणून ऑफिसातल्या दुसऱ्याच्या गळ्यात मारलं, बायकोला मात्र जातोय म्हणून सांगितलं, आणि दुपारभर कोपऱ्यावरच्या लाँड्रीसमोरच्या बाकावर बसून स्वतःच्याच घराचं फाटक बघत राहिला. लाँड्रीवाल्यानं दोनदा पाणी विचारलं. असं बसल्यावर कळतं की आपलं घर बाहेरून फार साधं दिसतं. खिडकीत बायको दोनदा आली. एकदा तिनं फडकं झटकलं. एकदा नुसती उभी राहिली, खाली उताराकडे बघत, चांगला वेळ, आणि तो बाकावरून अर्धा उठला, कारण ती कुणाची तरी वाट बघतेय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. कोण येणार होतं ते मात्र आलं नाही. संध्याकाळी रेघ जशीच्या तशी होती. दुसऱ्या दिवशीही. यावरून सरळ माणसानं काय समजावं? की कुणी गाडी नेत नाही. त्यानं समजलं की त्यांना कळलंय. नेणारा चाक पुसून परत रेघ मारण्याइतका हुशार आहे. जसजशी आपली हुशारी वाढते तसतसा आपल्या मनात समोरचाही हुशार होत जातो, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं, पण संशयाचं खातं असंच असतं, त्यात नुसती जमा होते, वजा काही होत नाही.

शनिवारी मेहुणा आला. आल्या आल्या चहा मागितला, खुर्चीत पसरला आणि म्हणाला, "भावोजी, आमच्या हिरवीची तब्येत कशी आहे?"

"आमच्या?"

"बरं, तुमच्या. ताई म्हणाली ब्रेक बदलले."

म्हणजे बोलणं होतं यांचं. "बदलले," तो म्हणाला. "न्यायचीय का चक्कर मारायला? किल्ली तिथंच आहे खिळ्याला."  मेहुण्यानं त्याच्याकडे बघितलं, मग आत बहिणीकडे बघितलं, आणि हसला. "नको रे बाबा. तुमचा जीव आहे तिच्यात. उद्या ओरखडा उठला तर तुम्ही माझाच पंचनामा कराल." ओरखडा. सगळे शब्द सोडून त्याला नेमका तोच शब्द कसा सुचला? आत बायको भांडं घासायची थांबली होती. ती दोघं आपल्याला ओळखून आहेत आणि आपण एकटेच कुणाला ओळखत नाही, असं त्याला त्या शांततेत वाटलं, आणि राग यायच्या ऐवजी त्याला रडू येईल की काय अशी भीती वाटली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिच्यावर हातच काय, आवाजही उगारला नव्हता. आता तो तिच्यासाठी गार ब्रेक लावून बसला होता.

रविवारी तो गाडी घेऊन गेलाच नाही. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिला. संध्याकाळी डोळा लागला, जाग आली तेव्हा घर गप्प होतं. मेहुणा रात्री राहिला होता, त्याची चप्पल दारात नव्हती. बायको स्वयंपाकघरात नव्हती. दाराजवळच्या खिळ्याला किल्ली नव्हती.

ज्या क्षणासाठी त्यानं एवढा खटाटोप केला होता तो क्षण आला, आणि तो अनवाणीच जिन्याकडे धावला. जिन्यावरून उतरताना तो मनातल्या मनात नुकसान मांडत होता, सवयीनं, थांबवता येईना: पुढचा बंपर, उजवा दिवा, काच. मग काचेच्या आत. कठड्याला घासेल फार तर, हे त्याचं स्वतःचं वाक्य त्याला आठवलं, आणि असली वाक्यं बोलणाऱ्या माणसांच्या दाव्यांवर आपण काय शेरे मारतो तेही आठवलं. गाडीत शेजारी ती असेल हे त्यानं हिशेबात धरलंच नव्हतं. धरलं होतं. धरून वर झाकण ठेवलं होतं. खालच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा ब्रेक करकचून वाजला, आणि तो शेवटच्या पायऱ्या कसा उतरला हे त्याला कळलं नाही.

गॅरेजचं दार उघडं होतं. गाडी जागेवर होती. मेहुणा कुठंच नव्हता. बायको गाडीत बसली होती, ड्रायव्हरच्या सीटवर नाही, शेजारच्या, आपल्या जुन्या सीटवर, मांडीवर किल्ली घेऊन.

"काढू नकोस," तो म्हणाला. दम लागला होता. "गाडी काढू नकोस. ब्रेक लागणार नाहीत. गार असताना धरत नाहीत ते."

"मला कुठं येते काढायला?" ती म्हणाली. "तुम्ही असे का आलात धावत?"

"तुझा भाऊ कुठाय?"

"गेला मघाशीच. तुम्ही झोपला होता." मग ती त्याच्याकडे बघत राहिली. "चार दिवस तुम्ही इथं काय करता ते बघायला आले मी. दुपारी लाँड्रीसमोर बसता, इथं येऊन जमिनीवर रेघा मारता. मला वाटलं, तुम्हाला काहीतरी व्हायला लागलंय."

तो बोनेटला टेकून उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. पॅड, निळी झाक, तरुण पाय. तिसरा खोकाही सांगितला, उतारही सांगितला. सांगताना त्याला ऐकू येत होतं की हे फार वाईट आहे.  त्याचं बोलणं संपल्यावर तिनं किल्ली उगाच उलटीपालटी केली.

"आणि ब्रेक लागला नसता तर?" ती म्हणाली.

तो बोनेटवरची धूळ बोटानं पुसू लागला.

"तुम्हीच चालवता हो ती. दुसरं कुणी नाही." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच त्याला सोसेना. "मी वरून बघते ना दर रविवारी. निघालात की मागचे लाल दिवे लागतात ते विझतच नाहीत. पार खाली जाऊन वळेपर्यंत. वळून मोठ्या रस्त्याला लागलात तरी लाल. दिसेनासे होईपर्यंत लाल."

"उतार आहे. उतारावर ब्रेक लावतातच."

"आणि येताना? चढताना? मागं गल्लीतली भिंत लाल होते सगळी."

"म्हणजे दिव्याच्या बटणात काहीतरी बिघाड असेल."

"असेल," ती म्हणाली. "पण मी शेजारी बसायचे तेव्हा दिवे कुठं दिसायचे मला? तेव्हा पाय दिसायचा. क्लचवरून सुटला की डावा पाय ब्रेकवर यायचा आणि तिथंच थरथरत राहायचा. समोरून काही आलं की जास्त. आणि मी असले की अजून जास्त. आधी असं नव्हतं. ते दारं कापून माणसं काढायचं बघून आलात ना, तिथून सुरू झालं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गाडी विकली असती. म्हणून म्हटलं, माझी मान दुखते."

तो बोनेटपासून बाजूला झाला. तिनं दार उघडलं, किल्ली त्याच्या हातात दिली आणि गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली. बसा, म्हणाली. तो बसला. इंजिन चालू केलं. बाहेर अंधारून येत होतं. आरशात त्याला गॅरेजची मागची भिंत दिसत होती आणि भिंतीपुढं तिची आकृती, आणि पांढऱ्या चुन्यावर रंग ओळखायला सर्व्हेअर असण्याची गरज नव्हती. त्यानं हात वर करून आरसा छताकडे वळवला.

"लागलेत का?" त्यानं विचारलं.

"लागलेत."

त्यानं पाय उचलला. उचलला अशी त्याची खात्री होती. "आता?"

"लागलेत."

तो खाली बघत नव्हता. खाली बघून पुरावा मिळाला असता. त्यानं समोर बघत मांडीवरून हात खाली नेला, गुडघ्याखाली धरलं आणि स्वतःचा पाय, जड, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा, ओढून सीटपाशी आणला. तिथंही तो थरथरत होता. आयुष्यात एकाही माणसाच्या नुसत्या शब्दावर त्यानं कधी एक कागद पुढं सरकवला नव्हता.

"आता?"

मागून आवाज यायला वेळ लागला. तेवढ्या वेळात, ती खरं सांगते की आपल्याला बरं वाटावं म्हणून सांगेल, हा प्रश्न आला, आणि आरसा हाताच्या अंतरावर होता.

"विझले," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला, आणि हात मांडीवरच ठेवला.